फ्यूज बदलून आवाज खुलत नाही. मोठा फ्यूज मात्र आग लावू शकतो

काल मामांचा फोन आला. "अरे, ॲम्प्लिफायरचा फ्यूज बदललाय, ऐकायला ये. आवाज कसा मोकळा झालाय बघ." कितीचा बसवला विचारलं, तर म्हणाले, "पाच अँपिअरचा. मेसेजमध्ये लिहिलं होतं ना, मोठाच घ्या म्हणून." आधी प्लग काढून ठेवा म्हटलं आणि तसाच निघालो.

तो मेसेज मलाही तीन जणांनी पाठवलाय. म्युझिक सिस्टिमचा आवाज सुधारायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फ्यूज, असा त्याचा दावा. मुद्दे सहा: साधा फ्यूज करंटची वाट अडवतो, चांदी-सोन्याच्या फ्यूजने बेस भरतो, फ्यूजला दिशा असते, तो द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेला हवा, दोनशे तास वाजवल्यावर तो 'खुलतो', आणि जमलं तर मूळ फ्यूजपेक्षा जास्त अँपिअरचा घ्यावा. हा शेवटचा मुद्दा जिवावर बेतणारा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

मामांच्या ॲम्प्लिफायरच्या पाठीवर, पॉवर केबलच्या सॉकेटशेजारी छापलंय: 'टी १.६ ए एल २५० व्ही'. यातलं प्रत्येक अक्षर कामाचं आहे. १.६ ए म्हणजे १.६ अँपिअर, हे फ्यूजचं रेटिंग. २५० व्ही म्हणजे २५० व्होल्ट. टी म्हणजे सावकाश वितळणारा. चालू करताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर जो झटका ओढतो तेवढ्याने तो उडत नाही. एल म्हणजे शॉर्टसर्किटचा करंट तोडायची त्याची ताकद कमी, ३५ अँपिअर किंवा रेटिंगच्या दहापट, यातलं जे जास्त असेल ते. एच लिहिलेला फ्यूज १५०० अँपिअर तोडतो. त्याच्या जागी एल बसवला तर मोठ्या शॉर्टला काच फुटू शकते. हे सगळं आयईसी ६०१२७ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेलं आहे.

आता हिशोब करा. मामांचा ट्रान्सफॉर्मर २०० व्हीएचा, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर २००. २३० व्होल्टवर पूर्ण लोडला तो ०.८७ अँपिअर घेतो. समजा त्याच्या वाइंडिंगचे, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचे, काही वेढे आतल्या आत शॉर्ट झाले आणि तो साडेतीन अँपिअर ओढायला लागला. म्हणजे आठशे वॉट, एका बंद डब्यात. मानक सांगतं की अशा टी फ्यूजमधून रेटिंगच्या २.१ पट करंट गेला तर तो जास्तीत जास्त दोन मिनिटांत वितळलाच पाहिजे. १.६ ची २.१ पट ३.३६ होते, म्हणजे मूळ फ्यूज दोन मिनिटांच्या आत उडाला असता. पाच अँपिअरच्या फ्यूजला साडेतीन अँपिअर म्हणजे रोजचंच काम. तो हलणारही नाही. उलट त्याच मानकाप्रमाणे त्याने दीडपट, म्हणजे साडेसात अँपिअर, किमान तासभर सोसला पाहिजे. तोवर वाइंडिंगचं इन्सुलेशन वितळून धूर निघालेला असेल. मीटरजवळचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आहे की, असं मामा म्हणाले. तो भिंतीतल्या वायरी वाचवायला असतो. आठशे वॉट त्याला एखाद्या इस्त्रीसारखे वाटतात.

करंटची वाट अडवण्याचं म्हणाल, तर फ्यूजमधली तार बारीक असते हे खरं. पण तिचा रेझिस्टन्स ओहमच्या शतांशांत मोजावा लागतो. तिच्या लगेच पुढे ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी वाइंडिंग आहे, कित्येक मीटर तांब्याची तार आणि काही ओहमचा रेझिस्टन्स. तेवढा ओलांडून आलेल्या करंटला फ्यूजचा एवढासा तुकडा काय अडवणार? शिवाय तबल्याच्या थापेला लागणारा करंट त्या क्षणी ॲम्प्लिफायरच्या आत वीज साठवून ठेवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमधून येतो, भिंतीतून नाही.

दिशेच्या मुद्द्याचा मला खरंच राग येतो. ५० हर्ट्झच्या एसी लाइनवर करंट सेकंदाला शंभर वेळा दिशा पालटतो. फ्यूजवर छापलेल्या बाणाची कुठली बाजू त्याने मानायची? शाळेत विज्ञान शिकलेली माणसं हे वाचून फ्यूज उलटा-सुलटा करत बसतात. गोठवणं, दोनशे तास, सोनं-चांदी यांवर जास्त लिहीत नाही. दोनशे तासांत बदलतो तो ऐकणाऱ्याचा कान, त्याला त्या आवाजाची सवय होते.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. फ्यूज स्पीकरच्या लाइनमध्ये असेल तर आवाजावर परिणाम होतो. बेसच्या प्रत्येक ठोक्याला तार तापते, निवते, तिचा रेझिस्टन्स हलतो आणि डिस्टॉर्शन येतं, म्हणजे आवाज बिघडतो. ॲम्प्लिफायर डिझाइनवर पुस्तकं लिहिणाऱ्या डग्लस सेल्फ यांनी ते मोजून दाखवलंय. पण त्यावर उपाय म्हणजे त्या लाइनमधून फ्यूजच काढून संरक्षणाची दुसरी सोय करणं, आणि ते काम डिझाइन करणाऱ्याचं. मेसेज बोलतोय मेन्सच्या, म्हणजे भिंतीतून वीज आत येते तिथल्या, फ्यूजबद्दल.

मामांच्या होल्डरच्या क्लिपा मात्र काळ्या पडल्या होत्या, एक सैलही झाली होती. असा ढिला काँटॅक्ट तापतो, खरखर करतो, आणि नवा फ्यूज सरकवताना थोडा घासून साफ होतो. मामांना फरक जाणवला असेल तर तो यामुळे असू शकतो. मी क्लिपा पुसल्या, सैल होती ती दाबून घट्ट केली, टी १.६ चा साधा फ्यूज बसवला. मामांनी त्यांची नेहमीची भैरवी लावली, डोळे मिटून पूर्ण ऐकली. "मघाशी होता तसाच आहे रे आवाज," म्हणाले.

हा मेसेज त्यांनी दोघा मित्रांना पुढे पाठवला होता. माझ्यासमोरच दोघांना फोन लावला. पहिल्याने अजून काही केलं नव्हतं. दुसऱ्या काकांना म्हटलं, ॲम्प्लिफायरच्या मागे काय लिहिलंय ते वाचा. चष्मा शोधून त्यांनी वाचलं, टी २ ए. बसवला होता ६.३ चा, आणि ॲम्प्लिफायर चालू होता. प्लग काढायला सांगितलंय. आता तिकडेच निघालोय.