लॅब जॉईन करताय? मग कुणाला काही विचारू नका

एमएस्सी झाली, पेट ही प्रवेश परीक्षा पण निघाली, आता पीएचडीसाठी कुणाच्या लॅबमध्ये घुसायचं हा प्रश्न पडला असेल तर आधी एक लक्षात ठेवा, तिथं असलेल्या पोरांशी चुकूनसुद्धा बोलायचं नाही. त्यांना काय कळतंय ओ, पाच-पाच वर्षं झाली तरी तिथंच आहेत की.

थेट गाईड सरांना भेटा. सर म्हणतील तीन वर्षांत थिसिस सबमिट. यूजीसीच्या २०२२ च्या नियमात किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा असे दोन आकडे आहेत, सरांना पहिलाच पाठ आहे, दुसरा तुम्हाला आपोआप कळतो. त्याच नियमांनी प्रोफेसरला एका वेळी आठ विद्यार्थी घेता येतात. पण आतापर्यंत आत किती गेले आणि डिग्री घेऊन बाहेर किती आले हे विचारू नका, चांगलं दिसत नाही.

पैशाचं तर तोंडच उघडू नका. नेट-जेआरएफची फेलोशिप असेल तर २०२३ पासून महिना ३७,००० आहेत, तुमची गोष्टच वेगळी. नसेल तर 'प्रोजेक्ट येतोय' या वाक्यावर राहायचं. प्रोजेक्ट आला की फाईल अकाउंट्सला जाते. दर महिन्याला आई विचारते, "अरे किती मिळतात रे तुला?" तेव्हा सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचा विषय काढायचा.

आता कामाचं. आपल्याकडं थिन फिल्म, म्हणजे काचेवर पातळ थर चढवायचं काम, भारी चालतं कारण त्याला मशीन लागत नाही, बीकर, हॉट प्लेट आणि पोरगं एवढं पुरतं. कॅडमियमचं मीठ, थायोयुरिया, वरून अमोनिया, ७० डिग्रीला बाथ, त्यात काचपट्टी उभी करायची आणि पिवळा थर चढायची वाट बघत बसायचं. मे महिन्यात, बाहेर ४३, आत अमोनिया, डोळ्यांतून पाणी, लोकांना वाटतंय पोरगं संशोधनात किती रमलंय. कॅडमियम विषारी असतं, कॅन्सरला कारणीभूत धरतात, म्हणून वाफा बाहेर ओढणारं फ्यूम हूड असतं, आमच्यात पण आहे, त्यात रिकाम्या बाटल्या ठेवल्यात. ग्लोव्हज मागितले तर सर म्हणणार आमच्या वेळी कुठं होते. बरोबरच आहे, त्यांच्या वेळी नव्हते म्हणून आपल्या वेळी पण नकोत.

थर चढला की धुवायला घ्या, नळाखाली धरला की साल निघाल्यासारखा पूर्ण निघून येतो. पुन्हा काच क्रोमिक ॲसिडमध्ये टाका, पुन्हा सुरू. अशा वीसेक पट्ट्यांतली एखादी टिकते, तिच्यावर मार्करनं 'नवीन फायनल २' असं लिहायचं, तारीख नाही, कशाचं प्रमाण किती ते पण नाही. वही ठेवणारा माणूस हळूच बाजूला पडतो, कारण उद्या आकडे जुळले नाहीत तर वहीच पुरावा.

मग ती पट्टी एक्सआरडीला, म्हणजे एक्स-रेनं थर तपासायला, पुण्याला. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं कुणीतरी ओळखीचं जातंच, त्याच्याकडं डबीत द्यायची. माझी एकदा शेंगाचटणीच्या पुडीसोबत गेली. दोन आठवड्यांनी ग्राफ आला, एकही पीक, म्हणजे टोकदार शिखर, नाही, नुसता काचेचा पसरट उंचवटा, म्हणजे पट्टीवर फिल्म नव्हतीच बहुतेक. सर म्हणाले, "अमॉर्फस लिहा." म्हणजे थर आहे पण स्फटिक नाहीत असं. लिहिलं की बे.

पेपर निघाला की नावांचा क्रम विचारू नका. सबमिशनच्या आधी पेपर पाहिजेच असं यूजीसी आता म्हणत नाही, पण सर म्हणतात, आणि सही सरांची असते. पेपरात ज्यांचं नाव आहे त्यांनी आपली लॅब कुठल्या मजल्यावर आहे हे बघितलेलं नसलं तरी मनाला लावून घेऊ नका. ग्रुप मीटिंग सरांच्या घरी नळाला पाणी यायच्या दिवशी कधीच होत नाही, आणि पाणी कधी येणार हे सोलापुरात कुणाच्या बापाला ठाऊक, त्यामुळं मीटिंग एकंदरीत कमीच. हा एक खरा फायदा.

परवा सात रस्त्याला एक पोरगं भेटलं. एमएस्सीला चांगले मार्क, डोळ्यांत चमक. "दादा, तुमची लॅब कशी आहे ओ?"

मी त्याला चहा सांगितला. म्हणलं, "भारी आहे, सर एकदम सपोर्टिव्ह."

सोमवारपासून येतोय. काचपट्ट्या तोवर तशाच भिजत ठेवल्यात.