‘उद्योजक जन्मावा लागतो’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

“उद्योजक जन्मावा लागतो, वर्गात घडत नाही. गेट्स आणि झुकरबर्ग कॉलेज सोडूनच मोठे झाले. ॲक्टिव्ह लर्निंग म्हणजे फी भरून खेळ.” हा मेसेज मला आजवर इतक्यांदा आलाय की आता तो वाक्यावाक्याने तपासायलाच हवा. (ॲक्टिव्ह लर्निंग म्हणजे नुसतं ऐकत न बसता स्वतः करून शिकणं.)

कॉलेज सोडल्याची गोष्ट लवकर उरकते. १९७५ साली हार्वर्ड सोडणारे गेट्स तेराव्या वर्षापासून प्रोग्रॅमिंग करत होते, तेही शाळेतल्या कॉम्प्युटर टर्मिनलवर. म्हणजे हात शाळेतच बसला होता. शिवाय अमेरिकेतल्या सर्वांत वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा नव्या कंपन्या पाहिल्या, तर त्या काढताना संस्थापकांचं सरासरी वय ४५ होतं.

‘जन्मावा लागतो’ हा खरा मुद्दा. टोगो देशात १,५०० छोट्या व्यावसायिकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एकाला हिशेब, मार्केटिंग असं नेहमीचं प्रशिक्षण दिलं. दुसऱ्याला स्वतःहून पाऊल उचलायची, अडचण आली तरी पुन्हा प्रयत्न करायची सवय लावली. तिसऱ्याला काहीच नाही. २०१७ साली निकाल छापून आला: सवयीवाल्या गटाचा नफा तिसऱ्या गटापेक्षा ३० टक्के जास्त, नेहमीच्या प्रशिक्षणाचा ठोस फरक दिसलाच नाही. ही माणसं विद्यार्थी नव्हती, हे मान्य. पण पुढाकार जन्मजातच असता, तर तो शिकवून वाढला कसा?

आता ‘खेळ’. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या टीना सीलिग यांनी विद्यार्थ्यांच्या गटांना पाच डॉलर आणि दोन तास दिले: कमवून दाखवा. सर्वांत जास्त कमाई केलेल्या गटाने त्या पाच डॉलरना हातच लावला नाही. वर्गात सादरीकरणासाठी मिळालेली तीन मिनिटं त्यांनी विद्यार्थ्यांना नोकरीवर घेऊ पाहणाऱ्या कंपनीला विकली! आपल्याकडे विकण्याजोगं नेमकं काय आहे, हे फळ्यावर लिहून कसं शिकवणार?

आणि मुलांनाही हा खेळच वाटतो, यात नवल नाही. २०१९ साली हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात दिसलं की करून शिकणाऱ्यांना ‘आपण कमी शिकलो’ असं वाटत होतं, चाचणीत मात्र गुण त्यांचेच जास्त.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती दडवत नाही. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांना खरीखुरी छोटी कंपनी चालवायला दिली, तर व्यवसाय काढायची त्यांची इच्छा उलट कमी झाली. माझ्या मते, आपल्याला व्यवसाय नकोय हे कर्ज काढून दुकान थाटण्याआधी कळलं तर उत्तमच.