‘असो’ आणि इतर शिव्या

सिनेमावर मत ठोकायला अर्धा मिनिट लागतो. त्यातली चूक कुणी दाखवली की सभ्यपणे उत्तर द्यायला मला अख्खी संध्याकाळ लागते.

समजा, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून बसलो : ‘सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा पहिला मराठी सिनेमा म्हणजे श्वास!’ लगेच काका : ‘श्यामची आई विसरलास वाटतं?’ काका बरोबर आहेत. १९५४ साली, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळालं, ‘श्वास’ची पाळी आली थेट २००४ मध्ये.

आता पहिला मोह मेसेज उडवण्याचा. तो आवरावा. मजकूर जातो, पण ‘डिलीट केला’ ही पाटी तिथेच राहते, आणि ज्यांनी वाचला नव्हता तेही विचारू लागतात. १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, पण मग काका भिंतीशी भांडत होते असं दिसतं. ही तर दुप्पट आगळीक.

उत्तर आधी स्वतःच्याच नंबरवर लिहावं. ग्रुपच्या चौकटीत कच्चा खर्डा करू नये; बोट घसरतं आणि रागाचा मसुदा रवाना होतो. मग गाळणी लावावी. ‘बरोबर आहे, पण’ यातला ‘पण’ आधीचं सगळं खाऊन टाकतो, तो काढा. ‘तुमचा गैरसमज झाला’ म्हणजे चूक माझी, खापर तुमच्यावर. एरवी ‘अहो काका’ म्हणणाऱ्याने अचानक ‘आपण जाणकार आहात’ लिहिलं की मराठी माणसाला ते चपलेच्या आवाजात ऐकू येतं. तीन टिंबं टोमण्याचीच. आणि ‘असो’? त्याहून सभ्य शिवी आपल्या भाषेत नाही.

उरतं ते एवढंच : ‘हो काका, चुकलंच माझं. पहिला श्यामची आई. धन्यवाद.’ काकांचाच मेसेज उजवीकडे सरकवून त्याखाली पाठवावं, नाहीतर मध्ये आलेल्या केळवणाच्या फोटोंखाली ‘चुकलंच माझं’ जाऊन बसतं आणि नवरीमुलीच्या आईचा फोन येतो.

सिनेमा रटाळ की सुंदर, हा वाद मात्र वेगळा. तिथे चूक कबूल करायची नसते. ‘मला शेवट पटला, तुम्हाला का नाही?’ असं खरोखर विचारायचं आणि उत्तर वाचायचं. वाचायचं, हे अवघड.

एवढं करून काकांकडून येतो नुसता अंगठा. तो शाबासकीचा की ‘पुरे आता’चा, हे काकूंना विचारावं.