शाळेच्या ताटातली ताजी भाजी: फिरत्या मेसेजला उत्तर

‘शाळेतल्या पोरांना ताजी भाजी मिळते ती फक्त कागदावर. भाजी नासते, बाजार समितीत दलाल असतो, परसबाग उन्हाळ्यात वाळते. त्यापेक्षा पाकीटबंद खाऊ वाटा,’ असा मेसेज सगळीकडे फिरतोय.

आधी नासण्याचं. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरली आहे, सहावी ते आठवीला ७५. म्हणजे ६० मुलांच्या प्राथमिक शाळेला दिवसाला ३ किलो लागते. एवढ्याला शीतगृह कशाला? खरेदीचा क्रम लावला की झालं. आठवडी बाजारानंतरचे पहिले दोन दिवस मेथी-पालक, मग गवार-दोडका, शेवटी दुधी आणि लाल भोपळा. अख्खा, देठासकट लाल भोपळा कित्येक आठवडे टिकतो. चिरला की मात्र लगेच संपवावा. पालेभाजी धुऊन ठेवली की सडते, म्हणून शिजवायच्या वेळीच धुवावी. मुळं-देठ काढल्यावर तिचं वजन बरंच उतरतं. ३ किलोच आणली तर ताटात कमी पडणार, हे आणणाऱ्याने आधीच धरावं.

दलालाचं म्हणणं जुनं झालं. महाराष्ट्रात २०१६ पासून फळं-भाजीपाला नियमनमुक्त आहे, म्हणजे तो बाजार समितीतूनच विकायची सक्ती नाही. शेतकऱ्याच्या बांधावरून थेट घेता येतो. अडतं ते बिलापाशी, कारण शेतकरी छापील बिल देत नाही. वजन, दर, तारीख आणि सही असलेली हातपावती सरकारने स्पष्ट शब्दांत मान्य करावी. ब्राझीलने २००९च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के वाटा छोट्या शेतकरी कुटुंबांकडच्या खरेदीला राखला, आणि तीही निविदेविना करायची मुभा दिली.

परसबागेबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. गुंठाभर जागेतून रोज ३ किलो निघणार नाही. पण मेमध्ये शाळा बंदच असते, आणि मुळं धरलेला शेवगा पाण्यावाचूनही तग धरतो. हात धुण्याचं पाणी अळूकडे वळवावं.

खरी अडचण पैशाची, तिच्यावर मेसेज गप्प आहे. मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे आहेत; धान्य वेगळं, पण डाळ, तेल, मसाला, भाजी, इंधन सगळं यातच. श्रावणात भाजी कडाडते, मुलामागचे पैसे तेवढेच राहतात. अनुदान उशिरा आलं की मुख्याध्यापक पदरमोड करतात आणि रोज बटाटाच शिजतो. पाकिटांवर खर्चायचा पैसा भाजीसाठी, महिना सुरू होण्याआधी शाळेच्या खात्यात टाका.