साखर तुटली म्हणून शुगर होत नाही

लग्नसराईत आमच्या तालुक्यात एक मेसेज हमखास फिरतो: "कंपन्या ॲसिड टाकून साखर तोडतात. अशी बारकी साखर निसर्गात नसते, शरीर तिला ओळखत नाही, म्हणून गावोगाव शुगर वाढली. गूळ-मध खा, त्यातली साखर अखंड असते."

ॲसिडचं आधी पाहू. पाक आळून साखर परत धरू नये म्हणून आचारी त्यात लिंबू पिळतो, तेव्हा कढईत हेच घडतं: थोडं सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन लहान साखरा सुट्या होतात. बिस्किटाच्या पुड्यावर लिहिलेलं 'इन्व्हर्ट सिरप' ते हेच. आणि साखर अखंड खाल्ली, तरी लहान आतड्यातलं सुक्रेझ हे विकर (एन्झाइम) तिला तोडतंच. तुटल्याशिवाय ती रक्तात शिरतच नाही म्हटलं तरी चालेल. मग शरीराला ओळख पटत नाही ती कशाची?

मधाचं तर उलटंच. मेळघाटातला असो की बाटलीतला, त्यातली बहुतेक साखर मधमाशीनं आधीच तोडलेली असते. गूळ बहुतांशी सुक्रोजच.

'बारकी साखर निसर्गात नसते' हे मात्र सपशेल खोटं. भर उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईच्या स्नायूंत सहा कार्बनच्या ग्लुकोजचे तीन-तीन कार्बनचे तुकडे क्षणोक्षणी होत असतात. ताकद तिथूनही येते. प्रयोगशाळेत हे काम किचकट. ओटो रुफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं 1898 मध्ये ग्लुकोजपासून केलेल्या आम्लाच्या क्षारावर लोहक्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून एक कार्बन उडवला आणि पाच कार्बनची अरॅबिनोज मिळवली. तीच रीत पुन्हा केली की चार कार्बनची एरिथ्रोज. दुसरी वाट मॅनिटॉलची, म्हणजे साखरेपासूनच होणाऱ्या सहा कार्बनच्या गोड पदार्थाची: दोन्ही टोकं ॲसिटोननं झाकायची, मग परआयोडेट या रसायनानं मधोमध तोडायचं, की तीन कार्बनचे दोन सारखे तुकडे. या तुकड्यांची डावी-उजवी ठेवण आधीच ठरलेली असते, म्हणून औषधांचे रेणू बांधायला ते सोन्यासारखे. एवढ्या खटाटोपाचा माल स्वस्तातल्या बिस्किटात कोण घालेल बा?

साखर जास्त होतेय, एवढं मेसेजचं खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे 2000 कॅलरी खाणाऱ्याला साधारण 50 ग्रॅम. मधही त्यातच मोजतात. त्यामुळे 'गूळ-मध खा' ही ओळ वाचून ज्यानं चहात दुप्पट गूळ घातला आणि शुगरची गोळी बंद केली, त्याचं नुकसान तुटलेल्या साखरेनं नाही, या मेसेजनं केलं.