तीसचा फ्यूज टाकून गाडी बरी होत नसते

चवथीच्या आधीपासून 'जुन्या गाडीचं वायरिंग : पाच रामबाण उपाय' हा मेसेज फिरतोय. डिचोलीत आमच्या घरच्या ग्रुपवर तो आतापर्यंत तीनदा आला. त्यातलं पहिलं वाक्य, कामाला हात घालण्याआधी बॅटरीची मायनस काढा, हे अगदी बरोबर. पुढचं मात्र ऐकू नका.

'फ्यूज सारखा उडतो? तीसचा टाका.' खरं तर या एका ओळीपायी मी लिहायला बसलो. फ्यूज टेपसाठी, म्हणजे गाडीतल्या म्युझिक सेटसाठी, नसतो, वायरीसाठी असतो. दहा अँपिअरच्या वायरीवर लाल फ्यूज असतो. तिथे हिरवा तीसचा बसवला की फ्यूज मजेत राहतो आणि डॅशबोर्डच्या आत वायरीचं प्लास्टिक वितळतं. वाळपईच्या आमच्या मामांनी हेच केलं आणि दोन दिवसांत गाडीत जळका वास सुटला. मी फ्यूज काढून त्याच्या जागी ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब जोडला. शॉर्ट असला की तो भक्क पेटतो, पण त्यातून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जात नाही, त्यामुळे आणखी काही जळत नाही. मग वायर थोडी थोडी हलवत जायचं. बल्ब विझला तिथे दुखणं. टेपच्या मागे पिवळी वायर पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती. नवा तुकडा सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली, आणि फ्यूज पुन्हा दहाचाच.

'स्पीकरची एक वायर बॉडीला द्या.' जुन्या काळच्या रेडिओंत हे चालायचं, म्हणून हा सल्ला मरत नाही. आताच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर साधारण ६ व्होल्ट असतात, अर्थ, म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीच्या मायनसला गेलेली, एकही नसते. बॉडीला टेकवली तर नशीब असेल तर सेट नुसता बंद पडेल, नसेल तर आतला अँप्लिफायर जाईल.

'लाल-पिवळी एकत्र करा, चावीशिवाय टेप वाजेल.' वाजेल की! पण पिवळी कायम बॅटरीवर असते ती घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला, आणि लाल असते चावीवर. दोन्ही बांधल्या की गाडी बंद झालेली सेटला कळतच नाही. लगेच चौथा उपाय : 'बॅटरी रात्रीत उतरते? नवी घ्या.' म्हणजे तिसऱ्याने लावलेला रोग चौथ्याने दुकानात नेऊन पोचवायचा! त्यापेक्षा चावी काढा, दारं बंद करा, बॅटरीची मायनस वायर काढून ती आणि बॅटरी यांच्या मधे मल्टिमीटर १० अँपिअरवर लावा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक, दिवसाला सव्वा अँपिअर-तासही जात नाहीत, आणि मारुती ८०० ची बॅटरी ३५ ची. जास्त दिसलं तर एकेक फ्यूज उपसा. आकडा जिथे कोसळेल ती लाइन धरा. मीटर मधे असताना स्टार्टर मात्र मारू नका.

'हेडलाइट मंद? ९० वॅटचे बल्ब टाका.' ५५ च्या जोडीलाच ९ अँपिअर लागतात, ९० च्या जोडीला १५. आणि ते जाणार त्याच जुन्या स्विचमधून, त्याच गंजक्या अर्थमधून. आपल्याकडे खारी हवा, वर चार महिने पाऊस. पत्र्यावर नट आवळून दिलेली अर्थ इथे किती टिकणार? लाइट लावून बल्बच्या अर्थ वायरीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत व्होल्ट मोजा. ०.२ च्या वर गेले की अर्थ बिघडली समजा. माझ्या ८०० मध्ये जूनमध्ये ०.९ निघाले. नट खोलला तर खाली हिरवट पूड. पत्रा चकचकीत घासला, वायरीच्या टोकाला नवा लग (नटाखाली बसणारी धातूची कडी) लावला, वरून पेट्रोलियम जेली. आता ०.१ येतात. बल्ब तेच आहेत, ५५ चे.