मेंबर नाहीत, बँड आहे

आज जेवणाच्या सुट्टीत डोकं फिरलं. हेडफोनवर ‘केकाल’ ऐकत होतो. शेजारच्याने विचारलं, काय ऐकतोस? म्हटलं, इंडोनेशियातला मेटल बँड, दणदणीत रॉक वाजवणारा. आधी हसला. “तिथं मेटल?” मग मोबाइलवर दोन मिनिटं वाचून म्हणतो, “अरे, ह्यांचे सगळे मेंबर 2009 लाच बँड सोडून गेलेत. मग पुढचे अल्बम काय भुतांनी काढले?” टेबलावरचे सगळे हसले. मी पोळी खात बसलो, म्हणून आता इथे लिहितोय.

तिथं मेटल म्हणे! 1993 मध्ये मेटालिका ह्या अमेरिकन मेटल बँडच्या जकार्तातल्या कार्यक्रमाला स्टेडियमबाहेर दंगल झाली होती. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जोको विडोडो जकार्ताचे गव्हर्नर असताना मेटालिकाच्या बासवाल्याने त्यांना गिटार भेट दिली, ती त्यांना भ्रष्टाचारविरोधी आयोगाकडे जमा करावी लागली. त्या देशाला मेटल काय शिकवता?

केकाल 1995 चा, जकार्ताचा. इंडोनेशियाचा हुकूमशहा सुहार्तो अजून खुर्चीत होता. पहिला अल्बम 1998 चा, त्याच वर्षी सुहार्तोची खुर्ची गेली. केकाल म्हणजे कायमचं, न संपणारं. सुरुवात ब्लॅक मेटलने, म्हणजे मेटलमधल्या काळोख्या, किंचाळत्या प्रकाराने, पण एका जागी बसणं ह्यांच्या रक्तातच नाही. जॅझ आलं, इलेक्ट्रॉनिक आलं, 2007 च्या ‘द हॅबिट ऑफ फायर’ अल्बमपर्यंत तर कुठल्या खणात ठेवायचं तेच कळेना. 2004 मध्ये युरोप फिरून आले. सुरुवातीच्या अल्बममधला ड्रम मशीन शिलाई मशीनसारखा वाजतो, हे मान्य. पुढे.

माझी आणि त्यांची गाठ सांगलीत पडली. जानेवारी 2009, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, पंधरा रुपये तासाचा सायबर कॅफे. त्यांचा ‘ऑडिबल मायनॉरिटी’ अल्बम नुकताच निघाला होता, तोही इंटरनेटवर फुकट. मी एकेक गाणं उतरवत बसलेलो. कॅफेवाले काका मागे येऊन उभे.

“पिक्चर काय रं?”

“नाही काका, गाणी. इंडोनेशियाची.”

“कितीला?”

“फुकट देतायत.”

“फुकट देत्यात म्हंजे खपत नसणार.”

खपत नसेलही, काका. पण त्याच वर्षी ह्या लोकांनी जे केलं ते बघा. सगळे अधिकृत सदस्य बाहेर पडले आणि बँड बंद केला नाही! नाव कुणाच्याच मालकीचं नाही, ज्याला करायचंय त्याने येऊन काम करावं. 2010 मध्ये पुढचा अल्बम आला, त्याचं नावच ‘8’. 2020 मध्येही नवा आला. आपल्याकडे गणेश मंडळाचा अध्यक्ष वीस वर्षं खुर्ची सोडत नाही, लेटरहेडवर नाव आधी कुणाचं यावरून भाऊ भाऊ बोलत नाहीत. ह्यांनी नावावरचा हक्क सोडला, काम सोडलं नाही. यात हसण्यासारखं काय आहे?

हो, शेवटी बरंचसं काम बँडचा जुना गायक-गिटारवाला जेफ अरवाडीच करतो. माहितेय मला. म्हणून काय झालं? करतो ना कुणीतरी.

जाऊ दे. तो पोरगा तसा वाईट नाही, त्यानेच मला डब्यातली भाजी दिली.

कॅफेत त्या दिवशी शेवटचं गाणं 80 टक्क्यांवर होतं आणि लोडशेडिंग. आठही मशीन बंद होणार. काकांनी बाकीची सात पटापट बंद केली आणि फक्त माझं इन्व्हर्टरवर ठेवलं. तरी नेट गेलंच. उठलो तर दहाच रुपये घेतले. “लाइट नसल्याचं पैसे घेत न्हाई मी.”

ते अर्धवट गाणं पेनड्राइव्हवर घरी आणलं. मध्येच तुटायचं. प्रयोगशील बँड, म्हणजे हे असंच असणार, असं मी पुढची दोन वर्षं समजत होतो. मित्रांना समजावूनही सांगायचो, की बघा, कसं धाडसाने तोडलंय!

पूर्ण गाणं नंतर ऐकलं. चांगलं आहे. पण आज घरी आल्यावर जुनी फाइलच लावली. त्याच जागी तुटली, आणि मी हेडफोन न काढता तसाच बसून राहिलो, मागून काका “आली बघ लाइट” म्हणतील म्हणून.